सुतक कुणाचं, कुणासाठी? ‘जुना वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाच्या भरात लिहिलेली असली तरी तिच्यात मुद्दे आहेत. तिच्याखाली दोन ओळी खरडून मोकळं व्हायला मन होईना, म्हणून हे वेगळं उत्तर.

इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते 2025 मध्ये अपघातात गेलेल्या आपल्या दिओगो जोटा या खेळाडूची आठवण कशी जागवतात त्याबद्दल लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं: 2022 मध्ये राणी एलिझाबेथसाठी लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर शांतता पाळली जात असताना काही जण ओरडले, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. त्यावर ‘जुना वाचक’ यांनी तीन गोष्टी सुनावल्या. मरणाबरोबर वैर संपतं ही आपली शिकवण, अफझलखानाची कबरसुद्धा महाराजांनी होऊ दिली. दुसरं, स्वतःच्या खेळाडूसाठी टिपं गाळायची आणि दुसऱ्याच्या मयताला हुर्यो करायची, हा शुद्ध दुटप्पीपणा. आणि तिसरं, ‘पुण्यात बसून लिव्हरपूलचं सुतक पाळणारे तुम्ही कोण?’

आधी घडलं काय ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत अख्खं स्टेडियम राणीची टिंगल करत होतं असं चित्र उभं राहतं. राणी गेली 8 सप्टेंबर 2022 ला. त्या आठवड्याच्या शेवटचे प्रीमियर लीगचे सगळे सामने पुढे ढकलले गेले. 13 तारखेला अ‍ॅनफिल्डवर चॅम्पियन्स लीगमध्ये आयाक्सशी सामना होता आणि त्याआधी शांतता पाळायची होती. पन्नास हजार माणसं उभी राहिली. बहुतेक सगळी गप्प होती. काहींनी मध्येच आवाज केला, आजूबाजूच्यांनी त्यांना दटावलं, त्या दटावण्याचाच आवाज आणखी वाढला आणि मिनिट पुरं व्हायच्या आत शिट्टी वाजली. मग सामना झाला, 89 व्या मिनिटाला मातिपने हेडर मारून 2-1 असा जिंकून दिला. एवढंच.

आता ते काही जण. ते चांगलं वागले असं मी म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. आश्चर्य वाटलं नाही, इतकंच म्हटलं होतं. का वाटलं नाही ते सांगतो, आणि इथे थोडा वेळ थांबावं लागेल.

15 एप्रिल 1989. शेफील्डमधलं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. लोंढा बोगद्यातून थेट मधल्या, आधीच खचाखच भरलेल्या पिंजऱ्यांत घुसला. पिंजरे हा शब्द मी वाढवून वापरत नाही, पुढे खरोखरच लोखंडी जाळ्या होत्या. 3 वाजून 6 मिनिटांनी सामना थांबवला गेला. त्या चेंगराचेंगरीने एकूण 97 जीव घेतले. शेवटचा मृत्यू 2021 मधला, म्हणजे बत्तीस वर्षं तो माणूस त्या जखमा घेऊन जगला.

हे झालं अपघाताचं. त्यानंतर जे झालं ते अपघात नव्हतं. चौथ्याच दिवशी ‘द सन’ने पहिल्या पानावर ‘सत्य’ अशा अर्थाचा मथळा देऊन छापलं की चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. 1991 मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल आला. पुढची वीस वर्षं आयाबाया कागद घेऊन फिरत राहिल्या. 12 सप्टेंबर 2012 ला स्वतंत्र समितीचा अहवाल आला तेव्हा कळलं की पोलिसांचे 164 जबाब बदलले गेले होते, त्यांतल्या 116 जबाबांतून पोलिसांना अडचणीची ठरणारी वाक्यं काढली किंवा फिरवली होती. 2016 मध्ये ज्यूरीने सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि चाहत्यांचा त्यात काहीही दोष नव्हता. त्यानंतरही त्या मृत्यूंसाठी कुणी तुरुंगात गेलं नाही. सामन्याचे प्रमुख पोलीस अधिकारी 2019 मध्ये निर्दोष सुटले, जबाब फिरवल्याचा खटला 2021 मध्ये कोसळला.

तारखा बघा. समितीचा अहवाल 12 सप्टेंबर 2012 चा आणि राणीसाठीची शांतता 13 सप्टेंबर 2022 ची. दहा वर्षं आणि एक दिवस. त्या संध्याकाळी कॉपवर, म्हणजे घरच्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडमध्ये, उभ्या असलेल्या कित्येकांच्या डोक्यात आदल्याच दिवसाचा तो दशकपूर्तीचा हिशेब ताजा असणार. त्यात भर म्हणजे 1981 च्या लिव्हरपूलमधल्या टॉक्सटेथ भागातल्या दंगलींनंतर पंतप्रधान थॅचरबाईंच्या अर्थमंत्र्याने या शहराला हळूहळू, पद्धतशीरपणे उतरणीला लावावं असं सुचवलं होतं. ते कागद 2011 च्या अखेरीस खुले झाले. ज्या राज्यव्यवस्थेने आपल्याला असं वागवलं तिच्या सर्वोच्च प्रतीकासाठी मान खाली घाला म्हटल्यावर काही माना खाली गेल्या नाहीत. राणीने त्यांचं वैयक्तिक वाकडं केलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. मे 2022 मध्ये वेम्ब्लीवर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी राष्ट्रगीताची हुर्यो केली तेव्हा लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप साहेबांचं म्हणणं असं होतं की हे का होतं ते आधी विचारा. फुटबॉल प्रशिक्षकाकडून इतकी साधी गोष्ट ऐकावी लागली याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

आता तुमचं ‘मरणान्तानि वैराणि’. रामायणातली ही ओळ आपण सगळेच अर्धी सांगतो. पुढे ‘निर्वृत्तं नः प्रयोजनम्’ आहे: आपलं काम झालं. रावण पडलाय, युद्ध संपलंय, मग राम बिभीषणाला म्हणतो की आता याचे अंत्यसंस्कार कर. ते औदार्य जिंकलेल्याचं आहे. खानाच्या कबरीचंही तेच. हिल्सबरोच्या घरांचं काम झालं होतं का? 2022 मध्ये नव्हतं. सरकारी यंत्रणेने खरं बोलायलाच हवं असं बंधन घालणारं विधेयक त्यांच्या संसदेत आलं ते सप्टेंबर 2025 मध्ये. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांच्याकडून विजेत्याचं औदार्य मागणं हा मला तरी अन्याय वाटतो.

आणि एक सांगू? हे तिथल्या फुटबॉलवाल्यांनाही कळतं. एप्रिल 2013 मध्ये थॅचर वारल्या. देशाची सगळ्यात जास्त काळ राहिलेली विसाव्या शतकातली पंतप्रधान, लष्करी इतमामात अंत्ययात्रा. तरी फुटबॉल मैदानांवर शांतता पाळायची नाही असं ठरलं. मिनिट पाळलं जाणार नाही हे माहीत असताना ते ठेवायचंच नाही, हा शहाणपणा होता. मृताचाही त्यात मान राहिला.

दुटप्पीपणाचा मुद्दा मात्र तुमचा सगळ्यात जोरकस आहे, म्हणून त्याला बगल देत नाही. 10 ऑगस्ट 2025, वेम्ब्ली, कम्युनिटी शील्ड, समोर क्रिस्टल पॅलेस. जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा गाडीच्या अपघातात गेले त्याला सव्वा महिनाही झाला नव्हता. शांतता सुरू झाली आणि पॅलेसच्या बाजूने आरडाओरडा आला. त्यांच्यातल्याच लोकांनी शूऽऽ करून गप्प करायचा प्रयत्न केला, शेवटी रेफरीने ती आवरती घेतली. हुबेहूब तेच दृश्य, फक्त बाजू बदललेली. आमच्या ग्रुपवर त्या रात्री पॅलेसवाल्यांना जे शिव्याशाप दिले गेले ते इथे छापण्यासारखे नाहीत. लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी मात्र त्यात दुष्ट हेतू शोधला नाही. म्हणजे तुमचा काटा आमच्याच घरात येऊन टोचलाय, हे खरं. पण म्हणूनच मी दोन्हीकडे एकच माप लावतो. मूठभर ओरडणाऱ्यांवरून ना पॅलेसचा चाहता कळतो, ना लिव्हरपूलचा. ठरवून दिलेलं मिनिट ही परीक्षाच चुकीची आहे. कुणी सांगितलेलं नसताना ही माणसं काय करतात ते बघा.

19 एप्रिल 2022. अ‍ॅनफिल्डवर मँचेस्टर युनायटेड. इंग्लंडमध्ये यापेक्षा कडू वैर शोधून सापडायचं नाही. आदल्या दिवशी क्रिस्तियानो रोनाल्डोने आपलं नवजात बाळ गेल्याचं जाहीर केलं होतं, तो सामन्याला आलाच नव्हता. पाचव्या मिनिटाला लुईस दियाझने गोल केला, कॉप पिसाटला. आणि दोनच मिनिटांनी, रोनाल्डोच्या 7 नंबरच्या जर्सीसाठी सातव्या मिनिटाला, तीच माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली, क्लबचं गीत म्हणू लागली. ज्याला एरवी चेंडू मिळाला की शिट्ट्या, त्याच्यासाठी. मिनिट संपलं, पुन्हा शिव्या सुरू. सामना 4-0. मला यात ढोंग दिसत नाही.

थोडं मागे, ऑक्टोबर 1981. लिव्हरपूलचे लाडके जुने मॅनेजर बिल शँकली गेल्यानंतरचा अ‍ॅनफिल्डवरचा सामना, पाहुणे स्वान्सी. त्यांचे मॅनेजर जॉन टोशॅक, शँकलींनीच 1970 मध्ये लिव्हरपूलला आणलेला गडी. शांततेच्या वेळी त्यांनी वरचा ट्रॅकसूट काढला तर आत लिव्हरपूलची लाल जर्सी. दुसऱ्या संघाचा मॅनेजर, सामना सुरू व्हायच्या आधी! आपल्या संघाला काय वाटेल याची पर्वा त्या घडीला त्यांना नव्हती.

लिव्हरपूलवाले संत आहेत असं मात्र समजू नका. युनायटेडचे खेळाडू ज्यात गेले त्या 1958 च्या म्युनिक विमान अपघातावरून युनायटेडला डिवचणारी गाणी इथूनही गायली गेलीत आणि हिल्सबरोवरची गाणी तिकडून. मार्च 2023 मध्ये क्लॉप आणि युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक टेन हाग या दोघांना मिळून विनंती करावी लागली की मेलेल्यांवरून चिडवणं बंद करा. आणि हेझेल तर आमच्या नावावरचा डाग आहे. 29 मे 1985, ब्रुसेल्सचं हेझेल मैदान, युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर इटलीचा युव्हेंटस. आमचे चाहते त्यांच्यावर धावून गेले, भिंत कोसळली, 39 मृत, बहुतेक युव्हेंटसचे चाहते. तब्बल वीस वर्षांनी, एप्रिल 2005 मध्ये, युव्हेंटस अ‍ॅनफिल्डवर आला तेव्हा कॉपने पाट्या उंचावून ‘मैत्री’ असा इटालियन शब्द मांडला. समोरच्या स्टँडमधल्या काही युव्हेंटसवाल्यांनी टाळ्या दिल्या. बाकीच्यांनी सरळ पाठ फिरवली.

त्या फिरवलेल्या पाठींना तुम्ही काय म्हणाल? मी तरी त्यांना असंस्कृत म्हणणार नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याने समोरच्याचा हात धरायचा की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. 2005 मध्ये हे ट्युरिनच्या लोकांना लागू असेल तर 2022 मध्ये लिव्हरपूलच्या लोकांनाही लागू आहे. माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

राहिला तिसरा प्रश्न, पुण्यातल्या सुतकाचा. यावर तुम्ही मला गप्प करायला निघालात, पण तुम्हालाच एक विचारतो. 11 सप्टेंबर 2022 ला भारत सरकारने राणीसाठी एक दिवसाचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला होता, झेंडे अर्ध्यावर होते. तुमच्या लक्षात आहे? रविवार होता. नुकतंच गणपती विसर्जन झालं होतं आणि सगळं पुणं मिरवणुकीचा शीण काढत लोळत पडलं होतं. आता दुसरं: नोव्हेंबर 2020 मध्ये मॅराडोना गेला तेव्हा केरळच्या क्रीडामंत्र्यांनी क्रीडाक्षेत्रासाठी दोन दिवसांचा शोक जाहीर केला. मल्याळी माणसाचा आणि ब्युनोस आयर्सचा काय संबंध? पण तिथे तो जाहीर केला नसता तरी पाळला गेला असता.

आमचं सुतक म्हणाल तर, 15 ऑगस्ट 2025 ला, जोटानंतरचा अ‍ॅनफिल्डवरचा पहिला लीग सामना, बोर्नमथशी. आपल्याकडे रात्री साडेबारा. ड्राय डे, म्हणून पब-बिब काही नाही, एका मित्राच्या टू बीएचकेत चौदा-पंधरा जण कोंबलेलो. सकाळी दहीहंडी, त्यामुळे खाली पोरं हंडीचा दोर ताणत होती आणि मध्येच आमच्या खिडकीकडे बघून ‘गोल झाला का?’ विचारत होती. विसावं मिनिट आलं, जोटाचा नंबर 20, तसे सगळे उठले. कुणी सांगितलं नाही. एकाच्या हातात चहाचा कागदी कप होता, तो खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याने तो दातांत धरून टाळ्या वाजवल्या. जोटाचं गाणं आम्हाला धड येत नाही, चाल येते, शब्द पुढेमागे होतात. शेवटी 4-2 जिंकलो आणि सामना संपल्यावर कॉपसमोर एकटा उभा राहून सलाह रडत होता, तेव्हा खोलीतलं वातावरण काय होतं ते मी लिहीत बसत नाही.

हे उसनं आहे म्हणालात तर असेल उसनं. परतफेड कुणी मागितलेली नाही.

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. तिच्याखाली ज्या तिघांनी तुम्हाला एकेरीवर येऊन उत्तरं दिली ती मात्र काढली. हेझेलवर एक स्वतंत्र लेख अर्धा लिहून पडलाय. त्यात लिव्हरपूलची बाजू घ्यायला फारशी जागा नाही, तेव्हा तिथे आपलं पटेल असा अंदाज आहे. नाही पटलं तर खाली जागा आहेच.