जेवणाच्या कूपनमागे नंबर छापा

कॉलेजांतल्या चर्चासत्रांवरच्या लेखात लिहिलंय ते खरंय, तिथे एखाद्या मुलीला त्रास झाला तर तक्रार कुठे करायची हे कुणीच सांगत नाही. मी जळगावची, पीएचडी करताना धुळ्याकडच्या एका कॉलेजात चर्चासत्रात शोधनिबंध वाचायला गेले होते. जेवणाच्या रांगेत एक ज्येष्ठ सर मागून खांद्यावर हात ठेवून उभे, मी पुढे सरकले की तेही सरकायचे, हातात भरीत-पुरीचं ताट आणि हात इतका थरथरत होता की वरणाची वाटी साडीवर सांडली. आयोजक मॅडमना सांगितलं तर म्हणे, जाऊ दे ना ताई, पाहुणे आहेत ते. तशीच ओल्या साडीत एसटीने घरी आले, गाईडलासुद्धा बोलले नाही.

नंतर समजलं की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, लैंगिक छळाबद्दलच्या २०१५ च्या नियमांत कॅम्पसबाहेर आपण विद्यार्थी म्हणून जातो त्या जागाही धरल्यात, सहल, शिबिर, महोत्सव सगळं. अशा तक्रारी ऐकायला कॉलेजात अंतर्गत समिती असते, तिच्याकडे लेखी तक्रार ३ महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. मला कळेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं, याचं फार वाईट वाटतं.

आयोजकांना हात जोडून सांगते, फाईल-पेनसोबत जेवणाचं कूपन देता ना, त्याच्या मागे समितीतल्या दोघींचे नंबर छापा. आणि त्या दोघी दिवसभर हॉलमध्ये दिसल्या पाहिजेत, नुसत्या उद्घाटनाच्या फोटोपुरत्या नको. परगावच्या मुलींना संध्याकाळी स्टँडवर सोडायला कोण जाणार तेही आधीच ठरवा.