14 इंची हौस

आमच्या 2010च्या सॅन्ट्रोला 15 वर्षं पुरी झाली. खासगी गाडीची नोंदणी तेवढीच असते. पुढे दर 5 वर्षांनी नमुना 25 भरा, फी भरा आणि गाडी आरटीओत पासिंगला न्या. मी गाडी धुतली, सीटखालचे शेंगदाणे काढले, डॅशबोर्डवरच्या गणपतीला नवा हार घातला. चाकांकडे लक्षच गेलं नाही. साहेबांचं नेमकं तिथेच गेलं.

त्याचं असं झालं होतं, की भाचा म्हणाला, "मामा, अलॉय टाक, मग बघ!" 13 इंची पत्र्याची चाकं उतरवून त्याने 14 इंची अलॉय बसवली, वर 175/65 मापाचे टायर. गाडी देखणी झाली, फक्त सुखाने वळेना. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचं चाक मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासून खर्रर्र करायचं. तो आवाज ऐकूनच बायको कुकर लावायची. मायलेज पडलं, त्याबद्दल वर्षभर पंपवाल्यावर संशय घेतला. मग कळलं, चाकाचा घेरच साडेसहा टक्के वाढलाय. गाडी 100 किलोमीटर पळायची, मीटर 94 दाखवायचा!

साहेबांनी टायरवरचे आकडे वाचले आणि डिकी उघडायला लावली. स्टेपनी बिचारी 13 इंचीच.

"ही कुठल्या गाडीची?"

"याच."

"मग ही चार कुठल्या गाडीची?"

कंपनीने दिलेल्या मापात असे फेरफार चालत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, दंड बदलामागे 5000. चार चाकं म्हणजे एक बदल की चार, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते चार म्हणाले असते तर?

जुनी चाकं हुडकली. दोन माळ्यावर होती, एक गच्चीत कुंडीखाली, चौथं गणेश मंडळाच्या झेंड्याला आधार देत होतं. झेंडा आडवा करून ते आणलं. पण टायर चारही गुळगुळीत. नियमाला किमान 1.6 मिलिमीटर खोल नक्षी लागते. म्हणजे मापात बसणाऱ्यांना नक्षी नाही, नक्षी असलेली मापात नाहीत.

शेवटी शेजारच्या कुलकर्ण्यांपुढे पदर पसरला. त्यांचीही सॅन्ट्रोच, टायर नवेकोरे, कंपनीच्याच मापाचे 155/70. एका दिवसापुरती अदलाबदल ठरली. त्यांची चाकं लावून माझी गाडी अकरा वाजता पास झाली, एका खर्ररशिवाय घरी आली.

पार्किंगमध्ये पाहतो तर कुलकर्णी माझ्या अलॉयना पिवळ्या फडक्याने पॉलिश करत होते. मागे वहिनी मोबाइलवर फोटो काढत होत्या.

"राहू द्या हो महिनाभर," कुलकर्णी म्हणाले. "शोभतायत!"

त्यांच्या गाडीचं पासिंग पुढच्या महिन्यात आहे. मी अजून काही बोललेलो नाही.