मिसळ, टेक सातवा

खाण्याचा सीन आहे म्हटलं की नवा विनोदी नट खूश होतो. काम तर काम, वर नाश्ता! जुना नट सेटवर पाय ठेवतानाच विचारतो, "बादली ठेवलीय ना?"

हिशेब साधा आहे. टेबलाशी दोघं, समोर मिसळ, दीड पानाचा संवाद. आधी मास्टर (दोघंही फ्रेममध्ये, अख्खा सीन), मग दोन्हीकडून एकेक ओएस (एकाच्या खांद्यावरून दुसरा), मग दोघांचे क्लोज (नुसता चेहरा). झाले ५ सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याच्या ५ मांडण्या. प्रत्येकी ४ टेक धरले (हा निव्वळ आशावाद) तरी तोच घास २० वेळा. म्हणून घास घ्यायचा, चावायचा आणि 'कट' ऐकू आलं की टेबलाखालच्या बादलीत टाकायचा. पहिल्या टेकला भुकेपोटी ज्याने गिळलं, त्याचा चेहरा बाराव्या टेकला विनोदी राहत नाही.

त्यात मास्टर म्हणजे लग्नाची बोलणी, तिथे जे ठरलं ते शेवटपर्यंत निभवायचं. 'काका' या शब्दावर पाव मोडलात, की पुढचे पाच तास 'काका'वरच मोडायचा, आणि तोही डाव्या हाताने. विसरलात तर कंटिन्युइटीवाली मुलगी वही घेऊन हजर असतेच. म्हणून मास्टरमध्ये कंजूषपणे खावं. चमचा फिरवत राहावं, घास घ्यायचा तो वाक्य संपल्यावर. उत्साहात लिंबू पिळणाऱ्याला तर मी दंड करीन. प्रत्येक टेकला नवी फोड लागते, आणि बी कुठे पडली हेही मॅच करावं लागतं.

मिसळीइतका दगाबाज सहकलाकार दुसरा नाही. रस्सा पडला की दोन-तीन मिनिटांत फरसाण मान टाकतं. मास्टरला डोंगर असतो, क्लोजला त्याची लापशी झालेली असते. म्हणून साउंड रोल, कॅमेरा रोल झाल्यावर आर्टवाला वाकून रस्सा ओततो, फ्रेमबाहेर पळतो, मग 'ॲक्शन'. पण कुरकुरीत फरसाण चावलं की छातीवर चिकटवलेल्या लेपल माइकमध्ये रोलर फिरल्यासारखा आवाज जातो आणि वाक्य त्याखाली चिरडतं. साउंडवाला म्हणतो, भिजू द्या. दिग्दर्शक म्हणतो, कुरकुरीत दिसलं पाहिजे. वाटाघाटी संपेस्तोवर तर्रीवर साय धरते.

पेठेतल्या खऱ्या घरात शूटिंग असेल तर साउंडवाल्याचंच राज्य. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून अनुभवी माणसं गाडीची किल्लीच फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे ती घेतल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही. शेजारच्या कुकरचं मात्र काही करता येत नाही. तिसरी शिट्टी झाली की अख्खं युनिट चौथीची वाट पाहत बसतं, आणि ती होत नाही, कारण आज वरणभात नसून नुसता भात असतो. शेवटी रूम टोन म्हणून तीसेक सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. पंचवीस-तीस माणसं जिथल्या तिथे पुतळे. दिवसातला सगळ्यात विनोदी प्रसंग हाच, आणि तो कुणीच शूट करत नाही.

आता खरं दुखणं. बालगंधर्वला नाटकात हशा आला की चढू द्यायचा, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. लवकर टाकलं तर बुडतं, उशीर केला तर पडतं. हे मोजमाप प्रेक्षक फुकट देतो. सेटवर हसायला बंदी. रिहर्सलला हसलेला स्पॉटदादा सातव्या टेकला घड्याळ बघत असतो. मग नटाला वाटतं आपलंच काहीतरी कमी पडतंय, आणि तो भुवया वाढवतो. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची भुवई क्लोजमध्ये पडद्यावर पुरुषभर उंच होते. माझं मत विचाराल तर सातवा टेक पहिल्यासारखा करता येणं, एवढाच सिनेमातला अभिनय. पुढचं एडिटरच्या हातात. सेकंदाला २४ फ्रेम. तुम्ही जीव टाकून घेतलेल्या पॉजमधल्या १२ त्याने उडवल्या की विनोदाची बातमी होते.

प्रसिद्धीची धास्ती पुण्यात बाळगू नये. पुणेकर तुम्हाला ओळखतो आणि ओळखलं हे तुम्हाला कळू देत नाही. फारच विरघळला तर "तुम्ही बँकेत होतात का?" एवढं विचारतो. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' भानुविलासला लागला, तेव्हा पडद्यावरचे राजा गोसावी त्याच थिएटरात तिकीटविक्रीच्या नोकरीवर होते. चेहरा आत, माणूस खिडकीत. ज्यांना प्रसिद्धी डोक्यात जाण्याची भीती वाटते, त्यांनी या व्यवस्थेचा विचार करावा.

शूटिंगनंतर कित्येक महिन्यांनी सिनेमा लागतो. हशा मोजायचा तर दिवे मालवल्यावर आत शिरावं, शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसावं, टोपी काढू नये. मिसळीचा सीन येतो. 'काका' म्हणताना डाव्या हाताने मोडलेला पाव एडिटरने उडवलेला असतो, लिंबूही उडवलेलं असतं, वाक्य तेवढं मागून ऐकू येतं. थिएटर हसतं ते समोरच्या नटाच्या क्लोजवर. त्याने काहीच केलेलं नसतं. घास तोंडात धरून तो बादलीची वाट पाहत असतो.