वडशाकडचं नाटक अन् आमचा शनिवार

शनिवारी नागपूरहून निघालो आम्ही चौघं. ऑफिसात ज्याला सांगितलं त्याचा एकच प्रश्न, ताडोबा का? म्हटलं नाही बे, गडचिरोली जिल्ह्यात वडशाकडे झाडीपट्टीचं (म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या, जंगलाच्या पट्ट्यातलं) नाटक पाहायला चाललो. हसले सगळे. दीडशे किलोमीटर गाडी हाणून नाटक?

उमरेडला तर्री पोहे झाले. भिवापूरला मिरची घ्यायची होती, ती बोलता बोलता मागेच राहिली. नागभीडच्या अलीकडे टायर पंक्चर, अन् स्टेपनीतही हवा नाही! (स्टेपनी पाहायची जबाबदारी कोणाची होती ते इथं लिहीत नाही, घरात शांतता पाहिजे.) पंक्चरवाले काका चाक खोलता खोलता नागपूर-नागभीडच्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगत बसले, २०१९ ला ब्रॉडगेजसाठी बंद केली ती, अन् आमचा दीड तास कसा गेला समजलंच नाही.

ब्रह्मपुरी सोडली, वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. इथं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर ही मोठमोठी पोस्टरं. दिवाळी झाली, धान निघालं, की गावोगावची मंडळं इथं येऊन नाटक बुक करतात. गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत), घरोघरी पाहुणे, पोरी पाहायचे कार्यक्रमही त्यातच उरकून घेतात लोकं. म्हणजे नाटक नुसतं नाटक नसते तिथं.

अन् आपण? झाडीपट्टीच्या नाटकांतले नट परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री भेटली तेव्हा दोन दिवस स्टेटस ठेवले, तिकीट किती जणांनी काढलं? हातात मोबाईल घेऊन गेलेच तर दहा मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, 'काय ओव्हरॲक्टिंग' लिहायचं अन् परत. पंखा चालू राहते, मागे पोरगं रडते, कोणी शिट्टी मारते, त्यात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे काय राहते हे एसी हॉलमध्ये बसून नाही समजत. मला तरी ती ॲक्टिंग मोठी वाटली नाही, मैदानाच्या मापाची वाटली.

नाटकात आमच्या बाजूला एक आजी, तणीस (धानाचा वाळला पेंढा) अंथरून त्यावर सतरंजी, मांडीवर नातू झोपलेला. माझी बायको थंडीनं कुडकुडताना दिसली तर म्हणे, "इकडे सरक वो बाई, तणसीत गरम लागते." अर्धी सतरंजी दिली. दुसऱ्या अंकात व्हिलननं सुनेला घराबाहेर काढलं तर हीच आजी त्याला अशा शिव्या हासडे की आम्ही नाटक सोडून तिच्याकडेच पाहत होतो.

पहाटे पाच-सव्वापाचला संपलं. टपरीवर चहा घेत होतो, बाजूच्या बोअरिंगवर एक माणूस तोंड धूत होता, अर्धा चेहरा अजून रंगलेला, गळ्यात मफलर. तोच व्हिलन. आजी नातवाला खांद्यावर घेऊन तिथूनच चालली होती. थांबली. म्हणे, "पानी थंड हाये जी, तब्येत सांभाळजा. आज रातीही असनच ना कुठं तरी?"

"हाव माय," म्हणाला, अन् कानामागचा रंग घासत बसला.