जुन्या गाडीचं बिल कशाशी ताडून बघायचं?

"विकली तर लाखभर येतील, आणि मेकॅनिक ४० हजार सांगतोय. काढून टाक ती!" ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा सल्ला मिळतो, आणि तो चुकीचा आहे. दुरुस्तीचं बिल गाडीच्या विक्रीकिमतीशी ताडायचं नसतं, तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या हप्त्याशी ताडायचं असतं. ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं: महिन्याला साधारण साडेसोळा हजार. वर्षाचे दोन लाख झाले, इन्शुरन्स वेगळा. एखाद्या वर्षी जुन्या गाडीवर ६० हजार गेले तरी ती स्वस्तच पडते. अट एकच, पैसे योग्य जागी जायला हवेत.

आपल्याकडे नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. घोडबंदर रोडवर कासारवडवली ते गायमुख रांगेत इंजिन तासभर चालतं आणि मीटर जेमतेम हलतो. म्हणून ऑइल दहा हजार किलोमीटरपर्यंत ताणू नका. साडेसात हजारांना किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. क्लचही इथे लवकर जातो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच नवीन टाका, मागचं क्रँक ऑइल सीलही बघून घ्या. सील काही शेकड्यांचं असतं, पण नंतर तेवढ्यासाठी गिअरबॉक्सची मजुरी पुन्हा द्यावी लागते. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असेल तर तो ताणून धरणारा टेन्शनरही सोबतच बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

जुनी इंजिनं झिजून मरतात तशी तापूनही मरतात. तापमानाचा काटा ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? तर आधी रेडिएटर फॅन, त्याची रिले आणि वायरिंग तपासा. पाम बीच रोडवर वेगात असताना किंवा घाटात काटा चढत असेल, तर चोक झालेला रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात टणक झालेला रेडिएटरचा होज (रबरी पाइप): ही हेड गास्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याची लक्षणं असू शकतात. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका, आत क्षार धरतात. काटा लाल पट्टीकडे गेला तर एसी बंद करून बाजूला थांबा, इंजिन बंद करा. "पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ" म्हणालात की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि दोन-चार हजारांच्या कामाचं बिल दहापटीवर जातं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

रबर वयाने जातं. कमी चाललेल्या १२ वर्षांच्या गाडीतही लोअर आर्म बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या जोडातलं रबर) आणि इंजिन माउंटिंग (इंजिनाचे रबरी आधार) चिरलेली सापडतात. बुश घातल्यावर अलाइनमेंट करा, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जातो.

आता गंज. माझ्या मते गाडी काढायची की ठेवायची हे इंजिन नाही, पत्रा ठरवतो. इंजिन नव्याने बांधता येतं, पण सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथला पत्रा सडला असेल तर पुढे खर्च करू नका. खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे नवी मुंबईत दारांच्या खालची पाणी जायची भोकं आणि वायपरखालची जाळी मे महिन्यातच साफ हवीत. पायाखालचं कार्पेट ओलं झालं तर बोट लावून बघा. साधं पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय किंवा पाऊस आत येतोय. चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय.

१५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण होतं, ५ वर्षांसाठी. दिल्लीचा १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल हा नियम महाराष्ट्राला नाही, त्या भीतीने चांगली गाडी विकू नका. एमएच-०४ (ठाणे) असो की एमएच-४३ (नवी मुंबई), आरटीओत फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० झाली. मुदतीच्या आधीच्या हिवाळ्यात गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून घ्या. आवाज खणखणीत आला, तर मगच क्लच आणि सस्पेन्शनवर पैसे टाका.