मोठेपणी ‘होत’ नाही, आधीपासून असतो

रविवारी सकाळी मावशीने ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. सार असं: ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे लोकांत मिसळणं, बदल झेपणं अवघड जाणं) हा लहान मुलांचा आजार, नोकरी करणाऱ्या माणसाला तो असूच शकत नाही, लोक मोबाइलवर टेस्ट देऊन नसतं दुखणं मागे लावून घेतात, आणि एकदा का शिक्का बसला की आयुष्याचं वाटोळं. ते वाचून दादाने तीन महिने थांबून मिळालेली ऑटिझमच्या तपासणीची अपॉइंटमेंट रद्द केली. वय वर्षं एकोणचाळीस. म्हणून हे लिहितेय.

‘लहान मुलांचा’ म्हणे! ती मुलं पुढे मोठी होत नाहीत? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय: लक्षणं लहानपणापासूनच असतात, पण चारचौघांत वावरण्याचा ताण झेपेनासा होईपर्यंत ती पुरती दिसत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातात.

या युक्त्या मी घरात रोज बघते. गॅसवाल्याला फोन करायचा तरी दादा आधी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वाक्यं लिहून काढतो. मध्ये कंसात ‘थांबायचं’. ठाण्याहून रोज तीच स्लो लोकल, तोच डबा, तोच दरवाजा. आयत्या वेळी प्लॅटफॉर्म बदलला की दिवसभर त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. ऑफिसात मात्र ‘किती शांत माणूस!’ संध्याकाळी घरी येऊन अंधारात तासभर पडून राहतो, ते ऑफिसला कुठे दिसतं?

आणि नोकरीचंच म्हणाल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांवर ऑटिझमचा गाजलेला शोधनिबंध लिहिला, त्यातला पहिलाच मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे बँकेत नोकरीला होता. गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा. २०२३ साली वारला, ८९व्या वर्षी.

मोबाइलच्या टेस्टबद्दल, बरं, अर्धं खरं आहे. दहा प्रश्नांवर निदान होत नाही. म्हणूनच तर माणूस तज्ज्ञाकडे जातो ना?

शिक्क्याचं तर काहीच्या काहीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी आपणच वेगळा अर्ज करायचा असतो. तपासणीला गेलं म्हणून कुणी कपाळावर मारत नाही.

तपासणीत लहानपणाबद्दल खोदून विचारतात, म्हणून आईने ट्रंकेतून दादाचं तिसरीचं प्रगतिपुस्तक काढलंय. बाईंचा शेरा: ‘अक्षर सुंदर. मुलांत मिसळत नाही.’ ते फाइलमध्ये घातलंय. नवी तारीख दिवाळीनंतरची मिळालीये. मावशी, तोवर ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलंच टाक.