ती पांढरी दोरी म्हणजे पिल्लू नव्हे

अंड्यांवरचा लेख आवडला, पण अंड्यातल्या बलकाजवळची पांढरी दोरी म्हणजे पिल्लाची सुरुवात, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. ती दोरी फक्त बलकाला मधोमध धरून ठेवते. अंडं जितकं ताजं, तितकी ती ठळक. पिल्लू होतं ते बलकावरच्या छोट्या फिकट ठिपक्यातून. हा ठिपका प्रत्येक अंड्यात असतो, फलित अंड्यात तो जरा मोठा, कडं असल्यासारखा दिसतो.

आमच्याकडे तासगावला आजी खुडूक कोंबडी अंडी उबवायला बसवायची तेव्हा मला वाटायचं, कोंबडा अंड्यावर काहीतरी करतो! प्रत्यक्षात कवच येण्याच्या कितीतरी आधी, बलक अंडनलिकेच्या तोंडाशी असतानाच फलन होतं. मग पांढरा भाग, दोन पापुद्रे आणि शेवटी कवच. एकट्या कवचालाच वीसेक तास लागतात. शिवाय कोंबड्याचे शुक्राणू कोंबडीच्या पोटात आठ-दहा दिवस सहज टिकतात, त्यामुळे कोंबडा विकला तरी पुढची काही अंडी फलित निघतात.

पोल्ट्रीच्या लेअर शेडमध्ये, म्हणजे खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या ठेवतात तिथे, कोंबडाच नसतो. दुकानातलं ते अंडं २१ दिवस उबवलंत तरी नासेल फक्त. आमच्या शेजाऱ्यांनी करून पाहिलंय, वास अजून आठवतो.